अजिबात हलू नका!

नवं मशीन आज पहिल्यांदा चालणार होतं, आणि फोटोबाईंचे पाय सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हते. दूध उतू गेलं, नवऱ्याच्या डब्यात लेकीची भाजी गेली, लेकीच्या डब्यात नवऱ्याची, आणि एवढं होऊनही बाई आपल्या गुणगुणतच होत्या.

"आज काय एवढं विशेष?" सासूबाईंनी विचारलं. "फोटो काढायला चाललीस की काढून घ्यायला?"

"आई, किती वेळा सांगू, फोटो नाही हो तो! रक्तवाहिनीत एक बारीक नळी घालून..."

"शी! सकाळी सकाळी नळ्या नकोत," असं म्हणून सासूबाईंनी विषय मिटवला.

बाई माजी सैनिकांच्या इस्पितळात कामाला होत्या. तिथे एक विभाग असा होता की ज्यात फार चिरफाड न करता, जांघेतून नळी सरकवत सरकवत थेट अडलेल्या जागी पोचायचं आणि रक्ताला वाट करून द्यायची. नळी डॉक्टर सरकवत. ती कुठे पोचली हे क्ष-किरणांच्या चित्रात दाखवायचं काम बाईंचं. त्यांच्या हुद्द्याचं नाव इतकं लांबलचक होतं, की उभी हयात हुकूम तोंडपाठ करण्यात घालवलेल्या जवानांनीही त्यापुढे हात टेकले आणि 'फोटोबाई' असं सुटसुटीत नाव ठेवून दिलं. आधी बाईंना राग यायचा. पुढेपुढे त्या त्याच नावाला ओ देऊ लागल्या.

जुन्या मशीनचं चित्र बघून डॉक्टर आधी चष्मा पुसत, मग पडदा पुसत आणि शेवटी कपाळावरचा घाम पुसत. नवं मशीन यावं म्हणून बाईंनी मोठ्या साहेबांच्या मागे किती वर्षं भुणभुण लावली होती ते त्यांचं त्यांना ठाऊक. ते आता आलं होतं आणि आज त्यावर पहिला मान होता तोफखाना आजोबांचा.

आजोबांनी सगळी नोकरी तोफांच्या शेजारी उभं राहून केली होती. त्या तोफांनी शत्रूचं काय केलं ते त्यांनाच माहीत, पण आजोबांचे कान मात्र पार निकामी केले होते. आता पायाचीही तीच गत होऊ घातली होती. उजव्या पायाला रक्त पुरवणारी वाहिनी पोटातच, फाटा फुटतो तिथे, जवळजवळ बुजली होती. चार पावलं टाकली की पोटरी पेटायची, आणि हल्ली तर बोटं निळी पडू लागली होती. वाहिनी आज उघडली नाही तर पाय कापावा लागेल, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"पोरी, या पायावर मी आत आलो, याच पायावर फाटकाबाहेर जाणार," आजोबांनी आदल्या दिवशी बाईंना बजावलं होतं. "मला कुणी ढकलगाडीवरून न्यायला आलं, तर गाठ माझ्याशी आहे!"

"शब्द देते, आजोबा!" बाई उत्साहाच्या भरात बोलून गेल्या होत्या. "तुम्ही चालतच जाणार!"

असे शब्द देत सुटणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. पण दिला खरा, आणि आता तो त्यांच्या छातीवर बसला होता.

आजोबांना मशीनखाली निजवलं. डॉक्टरांनी जांघेत भूल दिली, नळी आत गेली. बाई शिशाचा जड एप्रन चढवून काचेमागच्या खोलीत बटणांसमोर बसल्या. नवीकोरी बटणं बघून त्यांना नवी सायकल मिळालेल्या मुलीसारखं झालं होतं. पोटातलं चित्र घ्यायचं तर पेशंटचा श्वास थांबलेला हवा, नाहीतर सगळं चित्र हलतं. बाईंनी माइकमधून आपलं नेहमीचं फर्मान सोडलं.

"श्वास आत घ्या... रोखून धरा... अजिबात हलू नका!"

आजोबांचं पोट संथपणे वर-खाली होत राहिलं.

"मॅडम, हे काय आलंय?" डॉक्टर पडद्याकडे बघत ओरडले. "नवं मशीन आहे ना हे? मला तर सगळं धुकंच दिसतंय."

"सर, आजोबांना ऐकूच जात नाहीये! त्यांचं कानातलं यंत्र बाहेर आजींकडे राहिलंय."

"मग मागवा ते. आणि या धुक्यातही वाहिनी माझ्या अंदाजापेक्षा रुंद वाटतेय. ती उघडी धरायला मोठ्या मापाचा स्टेंटही आणायला सांगा. लवकर! नळी आत ठेवून मला ताटकळत बसायचं नाहीये."

बाईंनी विभागाच्या मामांना पिटाळलं. मामा पूर्वी पायदळात होते. 'पळा' म्हटलं की पळायचे आणि 'थांबा' म्हटलं की थांबायचे, मधला विचार त्यांनी कधी केलेला नव्हता. ते पळाले.

तोवर हातावर हात धरून काय बसायचं? आवाज वाढवून बघू, असं बाईंनी ठरवलं. जुन्या खोलीत सर्वांत वरचं बटण दाबलं की माइकचा आवाज मोठा व्हायचा. इतक्या वर्षांची सवय! बोट आपलं आपण वरच्या बटणावर गेलं. नव्या मशीनच्या पाटीवर त्या जागी दुसरंच बटण होतं. कुठे आग वगैरे लागली, तर सबंध इमारतीला एकदम सूचना देण्याचं.

"श्वास आत घ्या!" बाई कडाडल्या. "रोखून धरा! अजिबात हलू नका!"

आतल्या खोलीच्या भिंतींत आणि दारांत शिसं भरलेलं. बाहेर काय झालं याचा आत कुणाला पत्ताही लागला नाही. आत एवढंच झालं, की आजोबांनी मान वळवून डॉक्टरांना विचारलं, "कुणी शिंकलं का?"

बाईंची आणखी एक सवय होती. चित्र घेऊन झालं की त्या बटणावरचं बोट काढून घेत आणि 'सोडा श्वास' हे दारातून डोकावून, प्रेमानं, तोंडीच सांगत. त्यामुळे हुकूम साऱ्या इमारतीला गेला, पण सुटका एकट्या आजोबांची झाली. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. मग आणखी चढ्या आवाजात केला. शेवटी तर त्यांच्या आवाजानं काच थरथरली. आजोबा आपले छताकडे बघत शांतपणे श्वास घेत होते.

"मामा कुठे कडमडले?" डॉक्टरांचा धीर सुटत चालला होता.

बाईंनी स्टोअरला फोन लावला. बऱ्याच वेळानं तो पलीकडून चोरून उचलल्यासारखा उचलला गेला.

"हॅलो! मामा आलेत का तिकडे? स्टेंट दिलात का त्यांच्याजवळ? हॅलो! अहो, बोला की!"

पलीकडे चिडीचूप. फोन कुणीतरी कानाला लावलेला तर कळत होता, पण साधा श्वासही ऐकू येत नव्हता. त्या तशाच एप्रनसकट उठल्या, जड दार ढकललं आणि बाहेर आल्या.

बाहेर आल्या आणि जागीच उभ्या राहिल्या.

लांबलचक व्हरांड्यात झाडून सगळे पुतळे झाले होते. बाकांवरचे म्हातारे जवान छाती काढून, गाल फुगवून समोर बघत बसले होते. व्यायामाच्या खोलीच्या दारात एक आजोबा एका पायावर उभे होते, दुसरा पाय अधांतरी. न्हावीकाका एका दाढीवर वस्तरा टेकवून थिजले होते, आणि ज्याची दाढी होती त्याचे डोळे तेवढे वस्तऱ्यावर खिळले होते. चहावालाही जुना जवानच. त्याची किटली कलती राहिली होती. कप भरला होता, बशी भरली होती, ट्रे भरला होता, आता चहाचा ओघळ जिन्याकडे निघाला होता. आणि या सगळ्यांच्या मधोमध मामा! डावा पाय पुढे, उजवी टाच उचललेली, काखेत स्टेंटचं खोकं आणि तळहातावर आजोबांचं कानातलं यंत्र. शेजारी आजी त्यांना हलवून हलवून दमल्या होत्या.

"अगं, बघ ना याला काय झालंय!" आजी रडकुंडीला आल्या होत्या. "यंत्र दिलं हातात आणि हा असा खांब झाला!"

"मामा! इथे काय करताय?" बाई किंचाळल्या.

मामा ओठ न हलवता बोलले, "हुकूम आहे, ताई."

"कुणाचा?"

"तुमचाच."

बाईंनी वर बघितलं. छताला कर्णा होता. वरचं बटण त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तेवढ्यात जिन्याकडून गलका ऐकू आला. नव्या मशीनसाठी देणगी देणारी मंडळी ते बघायला आली होती आणि मोठे साहेब त्यांना घेऊन निघाले होते. साहेबही एकेकाळचे कर्नल. हात नव्या विभागाच्या दिशेनं केलेला, तोंड 'हे आमचं' म्हणून उघडलेलं, अशा अवस्थेत ते पायरीवर गोठले होते. पाहुण्यांपैकी एकजण त्यांची नाडी बघत होता, दुसरा त्यांना आपल्या टोपीनं वारा घालत होता.

नोकरी गेली, असं बाईंना वाटलं. पण आत आजोबा नळी घालून पडले होते. नोकरीचं मागाहून बघता येईल, पायाचं मागाहून बघता येणार नव्हतं. त्यांनी पोटातून आवाज काढला.

"विश्राम!"

सबंध मजल्यानं एकदम श्वास सोडला. सूचनाफलकावरचे कागद फडफडले. बाकांवर खोकल्यांची एकच झुंबड उडाली, व्यायामाचे आजोबा पाय टेकून मटकन बसले.

"...अत्याधुनिक विभाग," साहेबांनी तोडलेलं वाक्य पुरं केलं. मग भोवती जमलेल्या पाहुण्यांकडे बघून त्यांनी घसा खाकरला. "आणि ही आमची शिस्तीची तालीम. आणीबाणीची. अधूनमधून घेतो आम्ही." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी टाळ्या घेता घेता बाईंकडे जो कटाक्ष टाकला, तो मात्र टाळ्यांचा नव्हता.

"ताई, श्वास मी अधूनमधून चोरून घेतला," मामा बाईंच्या मागे पळता पळता म्हणाले. "तेवढं पोटात घाला."

आत येताच बाईंनी यंत्र आजोबांच्या कानात बसवलं. "आता ऐकू येतंय का, आजोबा?"

आजोबा गोड हसले. ते यंत्र बोटानं ठोकत मोठ्यानं म्हणाले, "याचा सेल कधीच संपलाय!"

"मग घालता कशाला?" बाईंनी हातवारे करत विचारलं.

"हिला बरं वाटतं."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. त्यांनी आजोबांपुढे तोंड नेऊन गाल फुगवून दाखवले, छातीवर हात दाबून धरला, नाक चिमटीत पकडलं. आजोबा लक्ष देऊन बघत होते. एकाएकी त्यांचा चेहरा उजळला.

"श्वास धरायचाय होय! मग मघापासून काचेमागे तोंड काय हलवत होतीस? अगं, तोफेपाशी तोंडाचं कोण ऐकतो? तिथे हात बघतात. हात वर केलास की मी तयार. खाली आणलास की सुटलो. एवढं साधं!"

बाई एप्रन सावरत आजोबांना दिसेल अशा जागी, शिशाच्या काचेच्या पडद्याआड उभ्या राहिल्या. त्यांनी हात वर केला. आजोबांची छाती थांबली. पोट थांबलं. पापणीसुद्धा लवेना. डॉक्टरांनी पायाखालची कळ दाबली आणि पडद्यावर रक्तवाहिनी उमटली. कुठे अडलंय, किती अडलंय, सगळं लख्ख.

"अरे वा!" डॉक्टर लहान मुलासारखे उसळले. "मॅडम, काय चित्र आलंय! हात तसाच ठेवा, तसाच!"

हात वर, हात खाली. हात वर, हात खाली. स्टेंट जागेवर बसला, उघडला. शेवटच्या चित्रात वाहिनीत सोडलेल्या औषधाची काळी रेघ पोटातून निघाली आणि कुठेही न अडखळता सरसर पायात उतरली. डॉक्टरांनी आजोबांच्या पावलावर बोटं ठेवली, मग बाईंचा हात धरून तिथे टेकवला. पाऊल कोमट होतं. कातडीखाली काहीतरी टकटक करत होतं.

"लागतेय!" बाई ओरडल्या. "सर, नाडी लागतेय!" आणि मग त्या खरोखरच रडल्या.

दुसऱ्या दिवशी वरच्या बटणावर साहेबांच्या हुकमानं लाल पट्टी चिकटवलेली होती. बाईंना बोलणीही भरपूर बसली. पण पाहुण्यांनी शिस्तीवर खूश होऊन आणखी एका मशीनचं कबूल केलं होतं, त्यामुळे ती बोलणी जरा हसत हसतच बसली.

दुपारी मामा धापा टाकत आले. "ताई, चला लवकर! तोफखाना निघाला!"

आजोबा व्हरांड्यातून चालले होते. ढकलगाडी नाही, काठी नाही. शेजारी आजी, हातात पिशवी. दोन्ही पाय बरोबरीनं पडत होते. बाईंना काय करू आणि काय नको असं झालं. आज तरी सासूबाईंना एक खराखुरा फोटो दाखवायचाच, म्हणून त्यांनी धावत धावत मोबाइल काढला.

"आजोबा, थांबा!" त्या आनंदानं ओरडल्या. "अजिबात हलू नका!"

न्हावीकाका थांबले. चहावाला थांबला. मामा एक पाय उचलून थांबले. पायरीवर मोठे साहेब थांबले. आजीसुद्धा काल बघून बघून शिकल्या होत्या, त्याही थांबल्या. आजोबांना काही ऐकू गेलं नाही. ते त्या साऱ्या पुतळ्यांमधून ऐटीत चालत राहिले, थेट फाटकाकडे.

रात्री सासूबाईंनी मोबाइल चष्म्याजवळ नेऊन फोटो निरखला.

"इतकी वर्षं फोटो काढतेस, आणि हे बघ! बाकीचे सगळे कसे छान आलेत. मधला म्हातारा तेवढा हललाय."

"हो ना, आई!" फोटोबाई म्हणाल्या, आणि तो हललेला फोटो त्यांनी पुन्हा एकदा डोळे भरून बघितला.