पाठमोऱ्या चित्राला गरम भात

"गॅस बंद! खिडकी बंद! दिवा बंद!" घरातून निघताना शिगेझो कामीदे प्रत्येक वस्तूवर बोट रोखून मोठ्यानं म्हणत. जपानमधल्या कानाझावाच्या रस्त्यांवर उभा जन्म शहर बस चालवून ते निवृत्त झाले होते, पण त्यांचं बोट अजून नोकरीतच होतं. शेवटी ते बोट आतल्या खोलीतल्या देव्हाऱ्याकडे वळे. "फुसाए, येतो!"

फुसाए म्हणजे त्यांची बायको. गेल्या हिवाळ्यात ती गेली. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढत आल्यामुळे तिचा स्वतःचा धड फोटो नव्हता. सहलीच्या फोटोतल्या घोळक्यातून तिला कापून घ्यावं लागलं. अंत्यविधीवाल्यांनी कॉम्प्युटरवर तिच्या अंगावर काळा किमोनो चढवला, पण तिच्या खांद्यामागून आलेली कुणाची तरी विजयाची दोन बोटं त्यांना काढता आली नाहीत. त्यामुळे देव्हाऱ्यात फुसाए गंभीर चेहऱ्यानं आणि दोन शिंगांसह विराजमान होती.

मुलगी चित्रकार. तेव्हा शिगेझोंनी एकदा, एकदाच, विषय काढला होता. "चिगुसा, आईचं एक चित्र काढशील का? शिंगांशिवाय?"

"मला येणार नाही, बाबा. मी समोर असतं तेच काढते. नसलेलं माणूस काढायला गेले की बाहुली होते."

"बरं," शिगेझो म्हणाले. बसमध्ये 'ड्रायव्हरशी बोलू नये' अशी पाटी असते. तिच्याखाली इतकी वर्षं काढलेला माणूस घरीसुद्धा 'बरं'च्या पुढे जात नाही.

चिगुसाचं पहिलं एकल प्रदर्शन त्या मंगळवारी सुरू झालं. गॅलरी नदीजवळच्या गल्लीत, ओकुनोबाईंची. जागा आठवड्याच्या भाड्यावर, आणि बाईंचं तत्त्वज्ञानही आठवड्याच्या भाड्यावर; चित्रकार बदलला की तेही बदलत असे. दारातच चिगुसानं आपलं एक वाक्य लावलं होतं: 'मी फक्त डोळ्यांसमोर असलेलंच रंगवते.' आत ओली छत्री, अर्धी मोसंबी, बसथांब्यावरचा बाक आणि समोरच्या भिंतीवर सगळ्यांत मोठं चित्र: 'स्वयंपाकघर, संध्याकाळ'. मोरीपाशी उभी एक पाठमोरी आकृती, डोक्याला पंचा गुंडाळलेला, अंगात हिरव्या चौकड्यांचा एप्रन.

दुपारी शिगेझो आले. छत्री पाहिली, मोसंबी पाहिली, बाकापाशी थांबून "हा कोदात्सुनोचा थांबा, इथे नेहमी उशीर व्हायचा" एवढी समीक्षा केली. मग ते मोठ्या चित्रासमोर आले आणि त्यांचे पाय जमिनीला चिकटले.

ते म्हणाले, "फुसाए."

चिगुसा पुढे झाली. "बाबा, ते—"

"न सांगता काढलंस," ते म्हणाले. "फक्त हलत नाहीये. भांडी घासताना ती हलायची, रेडिओ लागलेला असो नसो." आणि तिच्याकडे न बघता ते घाईघाईनं बाहेर पडले.

तासाभरात परत आले, ते देव्हाऱ्यातली छोटी पितळी वाटी आणि तिच्यात वाफाळता भात घेऊन. बरोबर चहाचा कप, घंटा आणि उदबत्ती. सगळं चित्रासमोर मांडून त्यांनी बोट रोखलं. "भात ठीक! चहा ठीक!" घंटा किणकिणली. हात जोडले गेले.

ओकुनोबाई मागच्या खोलीतून धावत आल्या. "उदबत्ती? इथे? धुराची घंटा वाजली तर अग्निशामक दल येईल! ती तुझी आई का गं?"

"नाही," चिगुसा पुटपुटली. "ते बाबा आहेत."

"ते मला दिसतंय. चित्रातली बाई कोण?"

"तेही बाबाच आहेत."

आई गेल्यापासून बाबा आईचाच एप्रन घालून, तिचाच पंचा गुंडाळून भांडी घासत होते. चिगुसा मागे जेवणाच्या टेबलाशी बसून रोज ती पाठ काढत होती. बाबांना पत्ता नव्हता, कारण काम हातात असताना ते मागे वळून बघत नसत. आणि स्वतःची पाठ कुणी पाहिलेली असते?

ओकुनोबाईंचा चेहरा पांढरा पडला. "जिवंत माणसासमोर पितरांचा भात? अगं, किती अशुभ! आत्ताच्या आत्ता सांग त्यांना."

"तुम्ही सांगा."

बाई पदर खोचल्यासारख्या निघाल्या आणि थोड्या वेळानं नरम होऊन परतल्या. "चहा जमिनीवर ठेवला तर चालेल का, असं विचारत होते. मी स्टूल दिलं."

"आणि?"

"आणि काय? तूच सांग. तुझे बाप आहेत ते."

चिगुसानं ठरवलं, उद्या सांगायचं. उद्या सकाळी बाबा ताजा भात घेऊन हजर, शिवाय फुसाएला आवडणाऱ्या लोणच्याची एक फोड. मग ठरलं, संध्याकाळी सांगायचं. संध्याकाळी हात्तासाहेब आले.

हात्तासाहेब इथल्या वर्तमानपत्रात कलेवर लिहीत. कुठल्याही चित्रासमोर ते आधी डोळे मिटत आणि मग चष्मा पुसत. इथे मात्र ते मोठ्या चित्रासमोर उभे राहिले, खाली भाताची वाटी बघितली, बाजूला खुर्चीत ताठ बसलेले शिगेझो बघितले आणि डोळे मिटायचे विसरले.

"या कोण?"

"माझी बायको," शिगेझो म्हणाले. "पोरीनं काढलीय."

हात्तासाहेब दाराकडे वळले, वाक्य पुन्हा वाचून परत आले. "पण कामीदेबाई, तुम्ही तर फक्त समोर असलेलंच रंगवता. मग या कशा?"

ओकुनोबाई मोसंबीचं चित्र सरळ करू लागल्या. ते सरळच होतं. शिगेझो समोर बघत होते, चालत्या गाडीत बघावं तसे. चिगुसाकडे अख्ख्या कारकिर्दीत हे एकच वाक्य होतं. कला महाविद्यालयात याच वाक्यापायी ती दोन प्राध्यापकांशी भांडली होती.

"आठवणीतून काढलं," ती म्हणाली. "एवढं एकच."

हात्तासाहेबांनी चष्मा काढून पुसला. या वेळी त्याची खरंच गरज होती.

'आईसाठी व्रत मोडणारी चित्रकार' या मथळ्याखाली लेख छापून आला आणि गल्लीत रांग लागली. ज्यांनी आयुष्यात चित्र पाहिलं नव्हतं अशा आजीबाई मोसंबी घेऊन आल्या. कुणी वाटाण्याच्या पुरणाचे लाडू ठेवले. एका गृहस्थानं बिअरचा डबा ठेवला आणि "माझ्या हिला आवडायची" असं सांगून तो बराच वेळ रडला. ओली छत्री कुणी पाहिली नाही. अर्ध्या मोसंबीच्या चित्रासमोरही एक जण हात जोडून गेला. अशुभाला भिणाऱ्या ओकुनोबाईंनी स्वतः जाऊन बॅटरीवर चालणारी उदबत्ती आणली.

"बाई, तुम्हीसुद्धा?" चिगुसा म्हणाली.

"लोकांना बरं वाटतंय गं. आणि वसंतात तुला पुन्हा जागा द्यायची म्हणतेय मी. बिनभाड्यानं. हात जोड आता, लोक बघतायत."

चिगुसानं बापाच्या चित्राला हात जोडले. चित्रातला बाप शेजारच्या खुर्चीत बसून आलेल्यांना वाकून वाकून "येण्याची तसदी घेतलीत" म्हणत होता.

शेवटच्या दिवशी काळ्या सुटातला एक नम्र माणूस आला. त्याचं स्टेशनजवळ अंत्यविधीचं सभागृह होतं. हे चित्र त्याला तिथल्या प्रतीक्षागृहात लावायचं होतं.

"लोकांना धीर येईल," तो चिगुसाला म्हणाला. "आम्ही खाली नावाची पाटी लावू. रोज फुलं."

"नाही!" चिगुसा इतक्या जोरात म्हणाली की रांगेतल्या एका आजीच्या हातून मोसंबी सुटली.

"अगं, आठवड्यात विकलं जाणारं हे पहिलं चित्र," ओकुनोबाई दात आवळून कुजबुजल्या. "नाही काय म्हणतेस?"

"तिथे नाही लावायचं. तिथे... नाही."

काळ्या सुटातला माणूस सवयीनं आणखी नम्र झाला आणि शिगेझोंकडे वळला. "साहेब, आपण तरी समजवा. आमच्याकडे अगदी सन्मानानं राहील."

शिगेझो खुर्चीतून उठले. त्यांनी त्याला खाली वाकून नमस्कार केला. "येईल, येईल. पण इतक्यात नको. वेळेआधी गाडी सोडणं आमच्यात मोठा गुन्हा समजतात."

त्या माणसाला यातलं काही कळलं नाही. दुःखी माणसांचं बोलणं कळत नाही, हे धंद्यामुळे माहीत असल्यानं त्यानं आदरानं मान हलवली आणि स्वतःचं कार्ड भाताशेजारी ठेवलं.

रात्री चित्र घरी आलं. देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. शिगेझोंनी एप्रन चढवला, पंचा गुंडाळला आणि ते मोरीपाशी गेले. आता सांगायलाच हवं होतं.

"बाबा, त्या चित्रात ना..."

"गाठ मधोमध आहे," पाठ म्हणाली.

"काय?"

"एप्रनची. तुझी आई डाव्या बाजूला बांधायची. मधे बांधली की खुर्चीत टेकताना टोचते म्हणायची. मी मधोमध बांधतो. स्टिअरिंगची सवय."

चिगुसाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "केव्हा कळलं?"

"तिसऱ्या दिवशी. चहा बदलायला वाकलो तेव्हा."

"मग इतके दिवस स्वतःलाच भात ठेवत होतात?"

"तू त्या पेपरवाल्यासमोर माझ्यापायी स्वतःचं वाक्य मोडलंस. मग मी भात बंद करून तुझं पितळ उघडं पाडू?" त्यांनी एक ताटली विसळली. "आणि खरं सांगू का, पुढे तू मला ठेवशील याचा भरवसा नाही. तुझा भात खाली लागतो. म्हटलं, आत्ताच बघून घ्यावं कसं वाटतं ते."

"कसं वाटलं?"

शिगेझोंनी विचार केला. "गर्दी बरी होती."

चिगुसा हसली, आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. शिगेझो वळले नाहीत. नळ सोडून ते वाट बघत राहिले, एखादी म्हातारी प्रवासी बसची पायरी चढेपर्यंत बघत तसे.

मग त्यांनी ओले हात मागे नेले. गाठ सोडली आणि चाचपडत पुन्हा बांधली, डाव्या बाजूला. तिच्यावर न बघताच बोट रोखलं. "गाठ डावीकडे." पुढचं 'ठीक' काही मोठ्यानं निघालं नाही.

"चिगुसा," ते म्हणाले, "आता समोर आहे का कोणी?"

टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला, मग कागदाचा.

"हलू नका, बाबा."

"ती हलायची," पाठ म्हणाली, आणि घासायला एकही भांडं उरलेलं नसताना, अगदी थोडी, डावीकडे-उजवीकडे, हलू लागली.