शांततेचं वावडं

ग्रॅहमला लिफ्टमधली शांतता सोसत नाही. दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या इमारतीत तो आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो. लिफ्टमध्ये सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे बघत गप्प उभं राहायचं, ही जगभरची रीत त्याला मान्य नाही. दार बंद झालं की तो घसा साफ करतो आणि त्याच्या इंग्रजीत सुरू होतो. "गुड मॉर्निंग एव्हरीबडी. आपण आता पाचव्या मजल्यावरून खाली जात आहोत. आज आपल्यासोबत आहेत अजित. टाय जरा वाकडा आहे, पण मूड बरा दिसतोय. अजित, ऑफिसबद्दल काय सांगशील?" आणि मीही वेड्यासारखा सांगतो. तळमजला येईपर्यंत त्याचा कार्यक्रम बरोबर संपलेला असतो. एकदा लिफ्ट मध्येच अडकली, तेव्हा बाकीच्यांना घाम फुटला आणि याला वेळ वाढवून मिळाल्याचा आनंद झाला.

रेडिओच्या धंद्यात याला 'डेड एअर' म्हणतात. माइक चालू आहे आणि कोणीच बोलत नाही, हे त्यांच्यातलं महापाप. ग्रॅहमचं उभं आयुष्य ते पाप टाळण्यात गेलं, त्यामुळे माइक नसला तरी तो ते टाळतच असतो. गप्पा मारता मारता बाथरूमला जायचं असेल तरी म्हणणार, "स्टे विथ अस, वी विल बी राइट बॅक." आणि खरंच, परत येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतो.

एकदा मी त्याला आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला नेलं. सुरुवातीला एका दिवंगत सभासदासाठी मौन होतं. सगळे माना खाली घालून उभे. मला शेजारी चुळबुळ जाणवायला लागली, आणि मग क्रिकेटच्या समालोचकासारखी खालच्या पट्टीतली कुजबुज ऐकू आली, "आपण सध्या मौन पाळत आहोत. अतिशय उत्तम मौन आहे. मागच्या रांगेतूनही चांगली साथ मिळते आहे." सचिवांनी डोळे वटारले. तेव्हापासून मौन संपल्यावरच त्याला आत घेऊन यायचं, असं मंडळाने ठरवलं आहे.

इंग्लंडमध्ये त्याची सुरुवात झाली ती एका हॉस्पिटलच्या रेडिओवर. तिकडे खाटेवर पडलेल्या रुग्णांना ऐकायला हॉस्पिटलचा स्वतःचा रेडिओ असतो. "माझे पहिले श्रोते उठून जाऊ शकत नव्हते," असं तो मोठ्या अभिमानाने सांगतो. पुढे टीव्हीवर शनिवारी सकाळी लागणारा मुलांचा कार्यक्रम त्याला मिळाला. त्यात एका भल्यामोठ्या बदकाने लाइव्ह कार्यक्रम चालू असताना त्याचं नाक पकडलं. सोडेचना. पण गप्प बसणं शक्य नसल्यामुळे ग्रॅहम दाबलेल्या नाकाने पुढचा कार्यक्रम सांगत राहिला. तो साऱ्या देशात प्रसिद्ध झाला तो त्या बदकामुळे. आजही आम्ही दुबई मरीनाला गेलो की कोणीतरी टक्कल पडलेला इंग्रज लांबून याला ओळखतो आणि स्वतःचं नाक चिमटीत धरून लहान मुलासारखा हसतो.

नंतर तो दुबईत आला आणि बरीच वर्षं इथल्या एका इंग्रजी स्टेशनवर सकाळचा कार्यक्रम करत होता. शारजाच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकून मीही त्यालाच ऐकत असे. मग स्टेशनला तरुण आवाज हवासा वाटला. मरीनाचं महागडं घर सुटलं आणि तो आमच्या शेजारी आला. तेव्हापासून तो शाळांची गॅदरिंग्ज आणि दुकानांची उद्घाटनं करत होता.

गेल्या हिवाळ्यात माझी आई साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आली. मी आणि माझी बायको मनीषा ऑफिसला, मुलगी इरा शाळेत. दुपारभर आई एकटी, आणि समोर ग्रॅहम एकटा. एके दिवशी घरी लवकर आलो तर दोन्ही दारं सताड उघडी आणि मधल्या पॅसेजमध्ये दोन खुर्च्या मांडलेल्या. त्याला मराठी येत नाही, तिला इंग्रजी येत नाही, आणि मुलाखत रंगात आलेली.

"सो, आई, टेल मी, व्हॉट हॅपन्ड नेक्स्ट?" आम्ही सगळे आई म्हणतो म्हणून तेच तिचं नाव आहे, असा त्याचा समज.

"मग काय होणार? तांब्याचा हंडा धाकट्या जावेनं उचलला आणि वर मलाच विचारते, वहिनी, हंडा कुठं दिसत नाही."

"रियली? अँड हाऊ डिड दॅट मेक यू फील?"

"तेच तर सांगतेय."

इरा दप्तर टाकून बघत उभी होती. "बाबा, दे आर लिटरली डुइंग अ पॉडकास्ट," ती म्हणाली. आई त्याला गोरोबा म्हणायला लागली. "गोरोबासारखं ऐकून घेणारं माणूस आपल्या सबंध घराण्यात नाही," हे तिने मला दोनदा ऐकवलं.

आणि नेमका त्याच सुमारास ग्रॅहमचा आवाज बसायला लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत, काढाव्या लागतील. साध्या गाठी होत्या, पण त्यानंतर दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. पुढेही रोज थोडंच, मोजून मापून. हे सगळं कधी, तर एका नव्या स्टेशनने त्याला संध्याकाळचा कार्यक्रम देऊ केला होता तेव्हा. एका गुरुवारी दुपारी चारला आवाजाची टेस्ट, त्यात पास झाला तर नोकरी. नोकरी नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर खलास. इंग्लंडमध्ये त्याचं आता कोणीच उरलेलं नव्हतं. मला त्याची खरंच काळजी वाटत होती.

ऑपरेशननंतर त्याने मौन पाळलं, पण स्वतःच्या पद्धतीने. सायकलची घंटी विकत आणली. लिफ्टमध्ये प्रत्येक मजल्याला एक टिंग. माझा टाय वाकडा असला तर दोन.

आई मात्र खुशीत होती. रोज दुपारी मऊ भात आणि मेतकूट घेऊन ती समोर जायची आणि तासन्‌तास बोलायची. त्याला ऐकण्यावाचून दुसरा इलाज नव्हता. दोन आठवडे संपले, तरी गुरुवारसाठी तो प्रत्येक शब्द राखून ठेवत होता. घंटीसुद्धा चालूच ठेवली होती. आईचा व्हिसाही संपत आला होता. शनिवारचं तिकीट होतं. "घर वाट बघतंय माझं," असं ती सारखी म्हणायची, त्यामुळे आम्हीही निर्धास्त होतो.

त्या गुरुवारी सकाळी ऑफिसला निघताना बेल वाजली. दारात ग्रॅहम. घंटी हातात नव्हती.

"अजित," तो म्हणाला. आवाज खरखरीत होता, पण त्याचाच होता. तो बोलला इंग्रजीत, मी मराठीत सांगतो. "शनिवारी तुझ्या आईला जायचं नाहीये."

"तिने सांगितलं? तुला मराठी कधीपासून कळायला लागलं?"

"एक अक्षर कळत नाही. पण लोकांना बोलतं करणं हाच माझा धंदा आहे. सातारा म्हटलं की तिचा आवाज खाली उतरतो आणि मग ती हसते. जरा जास्तच लवकर हसते. रोज. मी बोलत होतो तोवर मला हे ऐकू आलं नव्हतं."

मी म्हटलं, "ग्रॅहम, प्लीज, आता पुरे. चारला तुझी टेस्ट आहे."

तो थांबला नाही. "माझी आई रोज सकाळी रेडिओ लावून बसायची. लोक म्हणायचे, काय नशीबवान बाई, रोज मुलाचा आवाज ऐकते. रविवारी मी फोन करायचो, तेव्हाही मीच बोलायचो. ती म्हणायची, छान बोलतोस. आता तिचा आवाज आठवून बघतो, तर आठवत नाही. माझ्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज कपाटभर आहेत. तिचं एकही नाही." शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. त्याने हात वर केला, मान हलवली आणि स्वतःचं दार लावून घेतलं.

मी बॅग खाली ठेवली आणि आत गेलो. आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो. "आई, शनिवारी साताऱ्याला जायचं नक्की आहे ना?"

"नक्की म्हणजे? घर वाट बघतंय माझं," ती म्हणाली आणि हसली. इतकी वर्षं ऐकलेलं हसू, पण त्या दिवशी मला ते लवकर आलेलं कळलं.

मी उठलो नाही. नुसता बसून राहिलो. हातातली काडी तिने दोनदा निवडली.

"संध्याकाळी दिवा लावला की घरात कोणी नसतं रे," ती म्हणाली. "दोन्ही खोल्यांत टीव्ही लावून ठेवते. वेगवेगळे चॅनल. माणसं असल्यासारखं वाटतं."

"मग सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

"तुम्ही दमून येता सगळे. आणि परक्या मुलखात तुमच्या गळ्यात कशाला पडू?" तिने डोळ्यांना पदर लावला. मला फार वाईट वाटलं. व्हिसा वाढवता येतो, तिकीट पुढे ढकलता येतं, हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं. ती ऐकत होती, आणि मग एकदम तिने मान वर केली.

"हे तुला सांगितलं कोणी?"

"ग्रॅहमने."

"लिहून?"

"नाही, आत्ता दारात येऊन बोलला."

"किती बोलला?"

"बराच वेळ."

आई मेथी बाजूला सारून उठली. साताऱ्याचं रडू तिथल्या तिथे पुसलं गेलं. "अरे, आज त्या लेकराची परीक्षा आहे," ती म्हणाली. "आणि तू त्याला दारात उभं करून बोलू दिलंस?" तिने हळदीचं दूध उकळलं, पेल्यात ओतलं आणि पदराने धरून समोर गेली. तीन वाजता टॅक्सी येईपर्यंत ती त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली होती, ओठांवर बोट ठेवून.