रामटेके सरांची सुतळी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्याचं श्रेय चिचगडच्या रामटेके सरांचं. इंग्रजीचे हे सर कडक इस्त्रीचा शर्ट खोचत, बूट चकाकवत आणि पँटला पट्ट्याऐवजी सुतळी बांधत.

"काऊन सर, पट्टा नाही भेटला का?" लोक विचारत.

"हे गर्डल आहे. शब्दकोश पाहा!"

लग्नात सुतळी, तपासणीला सुतळी. एकदा मुख्याध्यापक वैतागून म्हणाले, "सर, ही शाळा आहे का राईस मिल?" सरांनी त्यांनाही शब्दकोशच दाखवला.

या सुतळीची सुरुवात माझ्या डोळ्यांदेखत झाली. आठवीत मी मोठ्या भावाची पँट सुतळीने बांधून शाळेत गेलो. पोट्टे ओरडले, "ए पोत्या, किती धान भरलं रे?" वर्ग हसला. दारात सर उभे होते. मी त्यांना म्हटलं, "उद्यापासून नाही येत सर. म्हशी चारतो."

"उद्याचा दिवस ये," सर म्हणाले, "मग पाहू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला आणि पूर्ण तास त्यावरच घालवला. "राणीचा कंबरपट्टा, गर्डल. लेकराचा करदोडा, गर्डल. सापळ्यात कंबरेच्या हाडांचं कडं असते, तेही गर्डल. जंगलात उभ्या झाडाची साल गोल काढून त्याले वाळवतात, त्यालेही गर्डलच म्हणतात." मग त्या दिवशी मुद्दाम घातलेला कोट बाजूला केला. कंबरेला सुतळी! "अन् हेबी गर्डल. कोणाले हासाचं आहे?"

कोणीच हसलं नाही. पुढच्या आठवड्यात तर दोन पोट्टे चांगले पट्टे घरी ठेवून सुतळी बांधून आले. म्हशींचं मी विसरून गेलो.

यंदा मला नोकरी लागली. पेढे घेऊन सरांच्या घरी गेलो, तर सर फुलचूरला मुलीकडे गेलेले. खुंटीला चामड्याचा एक पट्टा लटकत होता, जुना, पण न वापरलेला.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "किती डाव म्हटलं, आता तरी लावा. तर म्हणतात, तो पोट्टा कुठं अजून सुतळी बांधून राहिला असन तर?"

 मी तिथेच बसून चिठ्ठी लिहिली आणि पेढ्यांच्या डब्याखाली ठेवली:

"आदरणीय सर, जय भीम. नोकरी लागली. पहिल्या पगारात मापाची पँट शिवली. कंबरेत बरोबर बसते. आता तुम्ही पट्टा लावा. काळजी करू नका, तोही गर्डलच आहे. मी शब्दकोश पाहिला."