साखळी-ताण काढण्याबाबत

भुईगावच्या फर्डिनंड तुस्कानो यांच्या मोटारीतली साखळी सैल झाली, ही घटना १९८३ च्या मार्च महिन्यात घडली. तिच्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. गाडी सुरू करताना पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येई, एवढंच. फर्डिनंड तीस वर्षं गिरणीत फिटर होते. इंजिनातली साखळी ताणून धरणारा टेन्शनर नावाचा छोटा पुर्जा झिजलाय, हे त्यांनी कानानेच ओळखलं. नवा पुर्जा आणून शनिवारी सकाळी त्यांनी अंगणात रेडिएटर उतरवला आणि इंजिनाचं पुढचं झाकण खोललं.

काम दोघांचं होतं. एकाने स्प्रिंग दाबून धरायची, दुसऱ्याने बोल्ट आवळायचे. धरायला शेजारचे श्रीपत म्हात्रे आले. त्यांची कमळी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला दवाखान्यात न्यायचं फर्डिनंडनी कबूल केलं होतं. दिवस भरत आले होते.

जेवणाआधी काम उरकलं असतं. पण ग्रामसेवक सायकलवरून चालले होते, ते उतरले. राहत्या घराच्या आवारात इंजिन उघडता येतं का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी ठामपणे सांगितलं, की कचेरीची ना हरकत लागेल. फर्डिनंडची बायको सालोमी म्हणाली, झाकण लावून टाका, कोण बघतंय. पण फर्डिनंड कायदा पाळणारे. त्यांनी बोल्ट बशीत काढून ठेवले आणि अर्ज घेऊन कचेरी गाठली.

कारकुनाला इंग्रजी शब्द चालेना. टेन्शनरला मराठी शब्द नाही, असं फर्डिनंडनी सांगितलं, तेव्हा शब्द असतोच, तो फक्त सापडलेला नसतो, असं उत्तर मिळालं. शब्दकोश पाहून विषय लिहिला गेला : 'मौजे भुईगाव येथील साखळी-ताण काढण्याबाबत.' पुढच्या टेबलावर जागेअभावी त्याचं 'भुईगाव येथील तणाव' झालं. वरच्या साहेबांनी मूळ अर्जात साखळी हा शब्द पाहून समासात 'उपोषण?' असा शेरा मारला आणि फाईल तातडीची झाली.

सोमवारी अंगणात पोलिसांची गाडी आणि बारा शिपाई उतरले. फौजदारांनी तणाव कुठे आहे ते विचारलं. फर्डिनंडनी इंजिनाकडे बोट दाखवलं.

"कधीपासून?"

"महिना झाला. सकाळी जास्त वाजतं. तापलं की कमी होतं."

फौजदारांनी ते लिहून घेतलं. मग श्रीपतचं नाव विचारून ते थांबले.

"तुम्ही तुस्कानो. हे म्हात्रे. शेजारी?"

"चाळीस वर्षं."

"म्हणजे जुनंच आहे," फौजदार समजुतीने म्हणाले.

परिस्थिती निवळेपर्यंत एकमेकांच्या आवारात जाणार नाही, असं दोघांकडून लिहून घेण्यात आलं. एक पुर्जा दोन हातांनी बसेना. चार हात लागत होते, आणि त्यातले दोन कुंपणापलीकडे होते. फर्डिनंड आणि सालोमीने गाडी ढकलत कुंपणाला आणून लावली.

"मी माझ्या आवारातच हाय," श्रीपत शिपायाला म्हणाले. "फक्त हात तिकडं घालतो."

शिपायाने विचार केला. हात हा इसमाचाच भाग असल्याचं सांगून त्याने तो मागे घ्यायला लावला.

मंगळवारी शांतता समिती नेमली गेली. दोन्ही समाजांचे समसमान सदस्य घ्यायचे असल्याने गावात प्रथमच माणसं मोजली गेली. अध्यक्ष कुणाचा, यावरून बुधवारी समितीतल्या प्लासिड आणि नथू यांचं बोलणं बंद झालं. ते दोघे दर रविवारी एकत्र गळ टाकायला जात. आपला अंदाज खरा ठरल्याचं फौजदारांनी वरती कळवलं.

गुरुवारी सकाळी कमळीला कळा सुरू झाल्या. फर्डिनंड उघड्या इंजिनापुढे नुसते उभे राहिले. आपण शनिवारी बायकोचं ऐकलं नाही, ही गोष्ट त्यांना आता टोचू लागली. सालोमी मात्र सरळ शिपायांकडे गेली.

"तुमची गाडी चालते ना? मग आणा इकडे."

कमळी पोलिसांच्या गाडीतून गेली. सालोमीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दुपारी मुलगी झाली, दोघी सुखरूप. दवाखाना कुणाच्याच आवारात येत नसल्याने फर्डिनंड आणि श्रीपत तिथे तीन दिवसांनी शेजारी उभे राहिले. श्रीपतनी त्यांचा खांदा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

नोंदवहीत लिहिलं गेलं : 'तणावग्रस्त भागातून एका विशिष्ट समाजाच्या गर्भवती महिलेस बंदोबस्तात सुरक्षित स्थळी हलविले.' दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तेच छापून आलं.

ती बातमी तुम्ही चहा पिताना वाचलीत. तणाव कशावरून, ते तिच्यात नव्हतं आणि तुम्हाला त्याची उणीव भासली नाही. संपादकांना एकच पत्र आलं : 'तिथे हे कधी ना कधी होणारच होतं.' खाली सही नव्हती. त्यामुळे ते तुमचंच होतं, असं आम्ही म्हणत नाही.