नव्वदीच्या वरचे अकरा

पोलादपूर तालुक्यातल्या एकूण एक आरोग्य सेविकांमध्ये एक्सेल खऱ्या अर्थाने कुणाला समजलं असेल, तर ते मला! हे मी नाही म्हणत, माझं प्रमाणपत्र म्हणतं. निळ्या किनारीचं आहे. महाडला आमच्या घरी टीव्हीच्या वर लावलंय. चवदार तळं बघून कुणी पाहुणा घरी टेकला, की पाण्याच्या तांब्याआधी मी त्याला ते दाखवते.

तर झालं असं, की आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण निघालं. विषय, माहिती नीट कशी भरायची आणि तिच्यातून अर्थ कसा काढायचा. सहा शनिवार, दुपारी तीन ते पाच. बावीस वर्षं रजिस्टरं लिहिलेली बाई मी, मला काय कठीण? कठीण होती ती रेंज. आमच्या उपकेंद्रात रेंज येते फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर, तीही चौथ्या. मग चौथ्या पायरीवर छत्री उघडून मी बसायची आणि खाली दोन म्हशी उभ्या राहून माझ्याबरोबर शिकायच्या. पहिला शनिवार माझ्याच नाकपुड्या बघण्यात गेला, कारण कॅमेरा कसा फिरवायचा ते कळेना. पण चौथ्या शनिवारी चमत्कार झाला. आम्हाला वयाचं सूत्र शिकवलं!

तुम्ही नुसती जन्मतारीख द्यायची, वय कॉम्प्युटर काढणार. आणि एका ओळीत सूत्र लिहिलं की त्याचा कोपरा धरून खाली ओढायचा, की सगळ्यांची वयं भराभर खाली! सोऱ्या दाबला की शेव पडते ना, अगदी तशी.

त्याच आठवड्याला गृहपाठ होता. आपल्या भागातल्या एका गावाची माहिती घ्यायची आणि तक्ता काढायचा. मी घेतली खडपवाडी. डोंगरावरची वाडी, जीपचा रस्ता संपला की अर्धा तास चढण. तिथल्या साठीच्या वरच्या चौतीस माणसांची नावं माझ्या वहीत होतीच. काहींची जन्मतारीख होती, काहींची नव्हती. शिकवणारे सर म्हणाले होते, "माहिती नसेल तर मनाने भरू नका, रकाना रिकामा सोडा." मी आज्ञाधारक! सोडला रिकामा. वरून सूत्र ओढलं आणि तक्ता काढला.

काय तो तक्ता! चार खांब. साठीचे, सत्तरीचे, ऐंशीचे आणि नव्वदीच्या वरचे. चौथ्या खांबाला मी गुलाबी रंग दिला. तो बराच उंच निघाला. आकडा होता अकरा!

"ताई, एकदा यादी डोळ्याखालून घाला," अश्वजित म्हणाला. हा आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा डेटा ऑपरेटर. तोवर आमचं सगळं एक्सेल याच्या हातून जायचं.

"अश्वजित," मी म्हटलं, "जळू नकोस."

आणि तक्ता थेट आमच्या केंद्राच्या डॉक्टर दीप्ती मॅडमना पाठवून दिला. मॅडमचा लगेच फोन. "राजश्री, एवढ्याशा वाडीत अकरा जण नव्वदीच्या वर? काय सांगता!"

"तिथली हवाच तशी आहे मॅडम," मी म्हटलं. "शिवाय नाचणी. झऱ्याचं पाणी. रोजची चढण." संध्याकाळपर्यंत माझ्याकडे सात कारणं तयार होती आणि आठवं मी आंघोळीला जाताना शोधलं.

मॅडमनी तक्ता मासिक बैठकीत दाखवला. तिथून तो कुणीतरी कुणाला तरी पाठवला, आणि एक दिवस मुंबईहून दीर्घायुष्यावर अभ्यास करणाऱ्या सोनाली मॅडमचा फोन! येत्या मंगळवारी त्या खडपवाडीत येऊन अकराही जणांना भेटणार होत्या. मग आमच्या केंद्रात एकच धांदल. सत्कार करायचा ठरलं. शाली आल्या, नारळ आले. प्रत्येकाला सन्मानपत्र द्यायचं, त्यावर नाव आणि वय. सोमवारी दुपारी मी अश्वजितला ऐटीत सांगितलं, "माझ्या यादीतून नावं काढ आणि छाप."

दहा मिनिटांनी त्याने हाक मारली. आवाज जरा वेगळाच.

"ताई, खडपवाडीच्या ठकूबाईंचं वय किती असेल हो?"

"असेल नव्वद-एक्क्याण्णव. यादीत बघ ना."

"यादीत सव्वाशे आहे."

"काय?"

"हैबतीमामा सव्वाशे. भिकूआजोबा सव्वाशे. अकराही जण सव्वाशे. देश स्वतंत्र झाला तेव्हा ही सगळी मंडळी सत्तेचाळीस वर्षांची होती." त्याने यादीवर बोट ठेवलं. "ताई, ठकूबाई हैबतीमामांची आई ना?"

"हो."

"मग मायलेक एकाच दिवशी जन्मलेत!"

त्याने मला खुर्चीत बसवून समजावलं. रकाना रिकामा दिसला, की ते सूत्र बापडं जन्मसाल एकोणीसशे धरून चालतं. म्हणजे ज्याची तारीख मला माहीत नाही, तो सव्वाशे वर्षांचा! माझा तो गुलाबी खांब म्हणजे अकरा रिकामे रकाने एकमेकांच्या खांद्यावर उभे होते.

मी लगेच दीप्ती मॅडमना फोन लावला. "मॅडम, एक छोटीशी गोष्ट—"

"राजश्री! आत्ता तुमचंच कौतुक चाललंय इथे. उद्या मी स्वतः येतेय वाडीवर!"

"या मॅडम," मी म्हटलं. एवढंच धैर्य होतं माझ्याकडे, ते संपलं.

मग मी बेत केला. मंगळवारी पाहुण्यांच्या आधी वाडी गाठायची, अकरा जणांना खरी वयं विचारायची आणि कागद दुरुस्त करायचा. अकरांत दोन-चार तरी नव्वदीचे निघतीलच की! सकाळी नऊला धापा टाकत वर पोचले, तर वाडीतल्या आशा सेविकेने, मंजुळाने, माझ्याआधीच सगळं केलेलं. अकराही जण देवळासमोरच्या पारावर धुतलेले कपडे घालून ओळीने बसले होते. नव्वदीच्या वर असेल त्याला शाल मिळणार आणि मुंबईचे डॉक्टर तपासणार, हेही तिने घरोघर सांगितलं होतं.

मी पहिल्यांदा भिकूआजोबांना विचारलं. ते बसले होते माझ्यासमोर, पण बघत होते देवळाच्या खांबाकडे.

"आजोबा, वय काय तुमचं?"

"मला काय ठावं, बाय? तूच सांग. कंपुटर शिकलीस ना?"

पुढे ठकूबाई बसल्या होत्या, नऊवारीत ताठ.

"साठ," त्या म्हणाल्या. "लिव."

"आजी, अहो तुमची नात पस्तिशीची आहे!"

"ती बाय लवकर वाढली."

तेवढ्यात खालून जीपचा हॉर्न ऐकू आला. माझ्या वहीत तोवर एकच आकडा पडला होता, आणि तोही साठ.

अर्ध्या तासाने दोन्ही मॅडम वर आल्या. सोनाली मॅडम तरुण, चेहरा लालबुंद, पण उत्साह असा की पाणीही न पिता त्यांनी कागद काढले. "सर्वांत मोठं कोण?"

"मी!" म्हणत हैबतीमामा पुढे झाले. काय चाल ती! कमरेत वाकलेले, मान लटपटतेय, हातात काठी. काठी भिकूआजोबांची होती. आदल्याच आठवड्यात याच माणसाला घराच्या आढ्यावर चढून कौलं फिरवताना मी बघितलं होतं.

"वय?"

"चौऱ्याण्णव. वर दोन म्हयनं."

मी मंजुळाकडे बघितलं. मंजुळा आकाशाकडे बघू लागली.

"वा!" सोनाली मॅडम भराभर लिहीत होत्या. "जेवणात काय असतं, आजोबा?"

"नाचनीची भाकर. आनि राग नाय करायचा. मी जल्मात कुनावर रागावलो नाय."

"आणि तुमचे आई-वडील किती वर्षं जगले?"

"बा लवकर गेला. आय ना? आय ही काय बसलीय!" आणि मामांनी सवयीने हात केला.

सोनाली मॅडमचं पेन थांबलं. त्या हळूहळू ठकूबाईंकडे वळल्या. आनंदाने त्यांचा आवाज थरथरत होता. "आजी... आजी, तुमचं वय किती हो?"

"साठ!"

सोनाली मॅडमनी कागदाकडे बघितलं. मुलगा चौऱ्याण्णव, आई साठ. त्यांनी दीप्ती मॅडमकडे बघितलं. दीप्ती मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मंजुळाकडे बघावं म्हटलं, तर ती मघाचीच आकाशात!

"आये," हैबतीमामा दातओठ खात पुटपुटले, "जरा वाढव की गो!"

"मी का वाढवू? तूच कमी कर रे मेल्या! सगळ्यांम्होरं मला म्हातारी करतोय!"

"तू म्हातारी नाय तर काय हायस?" मामा ओरडले. जन्मात न आलेला राग एकदम बाहेर आला आणि त्याबरोबर कणाही सरळ झाला.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी उभी राहिले. "मॅडम, यांची काही चूक नाही. माझी आहे." आणि सांगून टाकलं. अकरा रिकामे रकाने, न बघता ओढलेलं सूत्र, गुलाबी खांब, नाचणीची थाप, सगळं. कालच कळलं होतं आणि सांगायची हिंमत झाली नाही, तेही. बावीस वर्षांत मी अशी कधी उभी राहिले नव्हते. नोकरीचं राहू द्या, या दोघींच्या तोंडाकडे कसं बघू, हेच समजेना.



सोनाली मॅडम पारावर बसल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि मग खांदे हलवून हसायला लागल्या. "एवढी चढून आलेय," त्या म्हणाल्या, "तर खरी वयं तरी काढू या."

मग दोन तास तेच चाललं. ठकूबाईंना त्यांनी विचारलं, "कोयनेचा भूकंप आठवतो?"

"न आठवायला काय झालं? हा हैबती रांगत व्हता. चुलीकडं निघाला व्हता नि धरनी हालली. मी असा झडप घालून उचलला बगा!"

सोनाली मॅडमनी एकोणीसशे सदुसष्टपासून बोटं मोजली. "म्हणजे मामा अठ्ठावन्न वर्षांचे!"

चौऱ्याण्णव तर सोडाच, मामा साठीच्या यादीतसुद्धा बसत नव्हते! मी त्यांच्या पांढऱ्या केसांवर जाऊन नाव लिहिलं होतं. मामांनी गुपचूप काठी भिकूआजोबांच्या हातात परत दिली. ठकूबाई निघाल्या सत्त्याहत्तरच्या. "पासष्टवर मिटवा," असं त्या बराच वेळ म्हणत होत्या. आणि सर्वांत मोठे निघाले भिकूआजोबा, चौऱ्याऐंशी. एकच शाल शेवटी योग्य माणसाच्या अंगावर पडली.

शाल घालताना दीप्ती मॅडमनी त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. मग बॅटरी काढली. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू!

"आजोबा, कधीपासून दिसत नाही?"

"झाली तीन-चार वर्सं. शिबिर खालीच असतंय. मी नाय उतरत, पाय कुठं पडतोय कळत नाय."

मी दर महिन्याला वाडीवर येत होते. ते मला आवाजावरून ओळखतात याचं मला कौतुक वाटायचं! मॅडम म्हणाल्या, "आजच खाली न्यायचं. माझ्या गाडीतून महाडला."

पण चढणीखालच्या गाडीपर्यंत न्यायचं कसं? वाडीतली तरणी माणसं सगळी मुंबईत. मंजुळाने खुर्ची आणली, तिला दोन बांबू बांधले, आजोबांना शालीसकट बसवलं.

"पुढं कोन धरनार?" मंजुळाने विचारलं.

"हा काय," ठकूबाई म्हणाल्या, "अठ्ठावन्नचा जवान!"

हैबतीमामांनी आईकडे असं बघितलं, की मी नजर वळवली.

"आणि मागून?" दीप्ती मॅडमनी सगळीकडे नजर फिरवली. ती फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. "राजश्री, तुमचं वय काय?"

"सेहेचाळीस, मॅडम!" मी ताडकन म्हटलं. त्या दिवसात पहिल्यांदाच एक आकडा मला पक्का माहीत होता.

पुढचं काय सांगू? अर्ध्या तासाची ती वाट उतरायला आम्हाला सव्वा तास लागला. "हळू गो बाय, माझं वय झालंय," असं भिकूआजोबा वरून पाच वेळा म्हणाले. वजन अडुसष्ट किलो आहे, हे एकदाही म्हणाले नाहीत!