रादोय्को काकांच्या घराचा उंबरठा

रादोय्को काकांना घरी कसं पाठवायचं, हे तियानाने ठरवायचं होतं. ग्रोझ्दाना मॅडमनी वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांना एकेक पेशंट वाटून दिला होता. "ऑपरेशन मी केलंय. घरी जाऊन पेशंट पडला, तर ते तुमच्यामुळे," एवढं बोलून त्या निघून गेल्या. काकांचं खुब्याचं हाड जुळत आलं होतं, पण डोंगरावरच्या घरात ते एकटेच. तिथे वॉकर फिरणार नसेल, तर त्यांची रवानगी थेट शहरातल्या वृद्धाश्रमात. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं काका ज्याला त्याला सांगत होते.

तियाना बिचारी बस पकडून गावात गेली. पायऱ्या उभ्या, उंबरठा हातभर, दार अरुंद. ती टेप लावून दार मोजत होती, तेवढ्यात शेजारची दारिंका आजी कुंपणापाशी आली आणि रादोय्कोची चौकशी करू लागली.

"आता काही दुखत नाही त्यांना," तियाना म्हणाली. "शुक्रवारी घरी आणतोय. पलंग पुढच्या खोलीत लावावा लागेल. पण या दारातून काही जमेलसं दिसत नाही हो."

आजीने छातीवर क्रूसाची खूण केली. किती भाविक बाई, असं तियानाला वाटलं.

नगरपालिकेत तिने पायऱ्यांवर उतार बांधून मागितला. साहेब म्हणाले, वसंतात बघू. तियानाने रडवेल्या तोंडाने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी ठरवलं की सगळ्यांनीच गाडीतून जायचं, आणि घर जमण्यासारखं नसलं, तर तशीच गाडी वृद्धाश्रमाकडे वळवायची.

शुक्रवारी ॲम्ब्युलन्स पोचली, तर अंगणात सगळा गाव काळ्या कपड्यांत उभा. पुरुषांनी टोप्या काढल्या. मध्ये टेबलावर मयताच्या नावाने शिजवतात त्या गोड गव्हाचं ताट, त्यात मेणबत्ती. त्या डोंगरात दार मोजून पुढच्या खोलीत पलंग लावतात, तो एकाच कामासाठी.

पण काय काम केलं होतं हो त्या लोकांनी! शवपेटी अडू नये म्हणून उंबरठा छिनून काढलेला, चौकट रुंद केलेली, पायऱ्यांवर जाड फळ्यांचा उतार ठोकलेला. स्वयंपाक कोणी करायचा, रात्री सोबतीला कोणी बसायचं, त्याच्याही पाळ्या लागलेल्या.

काका वॉकर टेकत खाली उतरले.

"कोण गेलं?"

दारिंका आजी तरातरा पुढे आली. "मेल्या, जिवंत आहेस तर कळवायचं तरी!" आणि ती ढसाढसा रडायला लागली.

काका कोणाचाही हात न धरता उतारावरून थेट घरात गेले. मॅडम चौकटीवरून हात फिरवत विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवतेय मी हे. झालेलं आज पहिल्यांदा बघतेय."

मग जरा संकोचूनच त्यांनी आजीला विचारलं, की हे सगळं आता उखडून तर नाही ना टाकणार?

"राहू दे," आजी डोळे पुसत म्हणाली. "कधीतरी लागणारच आहे."

आत काका पलंगावर बसून, आपल्याच नावाने शिजवलेले गहू दुसऱ्यांदा वाढून घेत होते. साखर कमी पडलीय म्हणत होते.