धम्मपालचा मरून कोट

जाफराबादच्या पंचायत समितीत क्लार्क असलेल्या धम्मपालने डिसेंबरात एक छोटासा निर्णय घेतला. कोट शिवायचा.

त्याला कारण होतं. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून त्याच्या बायकोने, प्रीतीने, शनिवार-रविवार हैदराबादला जायचं ठरवलं होतं, तेही तळ्याकाठच्या एका चकचकीत मोठ्या हॉटेलात. प्रीती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आजवरच्या सगळ्या सहली तिने पोरांच्या रांगा मोजत केलेल्या. या खेपेला तिला कुणालाच मोजायचं नव्हतं.

"जायचं तर स्टाइलमधी जायचं," ती म्हणाली. "तुम्ही ती माकडटोपी घालून आले तर मी ओळख देणार न्हाई."

रामप्रसाद टेलरने मरून रंगाचं कापड काढलं, काळी कॉलर सुचवली, वर सोनेरी बटणं. "साहेब, हा रंग अख्ख्या तालुक्यात कुणाच्या अंगावर न्हाई. हैदराबादेत लोक तुम्हाला लांबून ओळखतील." (हे बोलणं किती खरं निघणार आहे, याची त्या बिचाऱ्यालाही कल्पना नव्हती.)

कोट असा काही जमला की आरशासमोर उभं राहिल्यावर धम्मपालच्या तोंडून 'या साहेब, बसा' असंच निघालं. त्याने तो हँगरवरच न्यायचं ठरवलं. जालन्याच्या जीपमध्ये माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, आणि मधे छताला कोट. "भाऊ, ह्यांचं भाडं दिलं का?" मागून कुणीतरी विचारलं. पुढे रेल्वेत कडाक्याची थंडी होती. पण अंगात घालून झोपलं तर कोट चुरगळला असता. म्हणून कोट खुंटीला निवांत आणि धम्मपाल खाली कुडकुडत.

सकाळी सिकंदराबादला उतरल्यावर त्याने कोट अंगात घातला आणि हॉटेलच्या दारात तो टॅक्सीतून उतरला, दोन्ही हातांत बॅगा घेऊन. प्रीती मागे टॅक्सीवाल्याशी बोलत होती. दारावरच्या पगडीवाल्याने धम्मपालला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नवा आया क्या भाई?"

"हौ, आजच आया. दो दिन के वास्ते."

"सबको पैले दो दिनच रखते. पसंद आया तो पक्का करते. डरो नक्को."

धम्मपाल भारावला. वर खोलीत गेल्यावर तो प्रीतीला म्हणाला, "काय मोकळ्या मनाची माणसं हैत. पसंत पडलं तर कायमचं राहा म्हणून राह्यले."

प्रीती आंघोळीला गेली आणि धम्मपाल टेबल धरायला खाली नाष्ट्याच्या हॉलमध्ये आला. आत पाऊल टाकतो न टाकतो तोच एक बाई समोर आल्या. "पाँच सौ बारा में टॉवेल नहीं हैं."

पाचशे बारा म्हणजे शेजारचीच खोली. धम्मपालला वाईट वाटलं. "हमारे यहाँ चार हैं," तो म्हणाला. "दो दे दूँ क्या?"

"जल्दी भेजो," बाई म्हणाल्या.

त्याने प्रीतीला फोन लावला. "शेजारच्या बाईला टॉवेल न्हाईत. आपले दोन देऊन टाक."

"अहो, मी ओल्या केसांनी उभी हाय."

"मंग दोनच दे. दोन राहतील आपल्याला."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बोट वर केलं. "बेटा, चाय. शक्कर कम." वडीलधाऱ्या माणसाने मागितलेला चहा न आणून देणं धम्मपालच्या आईने त्याला शिकवलं नव्हतं. त्याने आणून दिला. ते पाहून शेजारच्या टेबलाने कॉफी सांगितली, त्यांच्या मागच्यांनी डोसा. धम्मपालला क्षणभर वाटलं, आपल्याच चेहऱ्यात असं काय आहे? मग त्याची नजर कोटाकडे गेली आणि ऊर भरून आला. चांगल्या कपड्यातल्या माणसावर लोक पटकन विश्वास टाकतात, हे त्याला पटलं. ऑफिसात तर त्याने मागवलेला चहाही दुसराच कुणीतरी पिऊन जायचा.

तो डोशाच्या रांगेत असताना प्रीती खाली आली. मोरपंखी ड्रेस, मोकळे केस, आणि चष्मा पर्समध्ये. (फोटोत चष्मा नको होता.) समोर अख्खी काच, काचेपलीकडे धुक्यातलं तळं, आणि काचेशी पाठमोरा उभा मरून कोट. नवऱ्याला तळं बघायचं सुचलं, याचंच तिला कौतुक वाटलं. तिने एका मुलीच्या हातात फोन दिला, जाऊन त्या कोटाच्या हातात हात घातला आणि हळूच म्हणाली, "वळू नका. असंच उभं राहा."

कोट जागचा हलला नाही. फोटो झाला. प्रीतीने तो तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकला.

"मॅडम, और कुछ?" कोट अदबीने म्हणाला.

प्रीतीने चष्मा लावला. समोर एक उंच, देखणा, परका माणूस होता. छातीवर पितळी बिल्ला. आणि त्याच्या मागे, तसाच मरून कोट, तशीच काळी कॉलर, हातात डोशाचा ट्रे घेऊन तिचा नवरा.

बिल्लेवाला तिथला कॅप्टन, म्हणजे सगळ्या वाढप्यांचा मुख्य होता. तो धम्मपालकडे वळला. "तुम्हारा बॅच किधर है?"

"मेरा बॅच?" धम्मपाल म्हणाला. "दो हजार सहा का. कॉमर्स, जालना."

कॅप्टनने स्वतःच्या छातीवरच्या बिल्ल्यावर बोट टेकवलं. हॉलभर तसलेच मरून कोट ये-जा करत होते, हे धम्मपालला आत्ता दिसलं. त्याचे कान तापले. ट्रे खाली ठेवून जमिनीत जावं असं त्याला वाटलं, आणि तो कोट काढायला बटणांशी झटू लागला.

प्रीतीने त्याचा हात धरला. सगळा हॉल ऐकेल अशा शाळेतल्या आवाजात ती म्हणाली, "ये मेरे मिस्टर हैं. जाफराबाद के. और ये कोट इन्होंने खुद पसंद करके सिलवाया है. आपने किससे सिलवाया, मालूम नहीं, लेकिन फिटिंग इनकी अच्छी है."

खरंच चांगली होती. कॅप्टनने स्वतःच्या ढगळ बाह्यांकडे पाहिलं आणि माफी मागितली. त्याने ट्रे घेतला, दोघांना काचेजवळचं टेबल दिलं आणि स्वतः वाढायला उभा राहिला. म्हातारे गृहस्थ लाजून उठून आले. "बेटा, चाय मगर बराबर थी," म्हणाले.

धम्मपालने त्या दिवशी कोट उतरवला नाही. चारमिनारला, बिर्याणीला, संध्याकाळी तळ्याकाठी, सगळीकडे ताठ मानेने घालून फिरला. प्रीती हातात हात घालून चालली. (दर वेळी आधी चेहरा बघून घ्यायची, एवढंच.) परत आल्यावर दारावरच्या पगडीवाल्याने विचारलं, "क्या भाई, पक्का हुआ?"

"दस साल पहलेच हुआ," धम्मपाल प्रीतीकडे बघत म्हणाला.

फोन मात्र दिवसभर वाजत होता. ग्रुपवर कौतुकाचा पाऊस. 'भाऊजी किती उंच दिसून राह्यले.' 'पोट कुठं गेलं?' आणि आईचा, बेबीनंदाबाईंचा, भरल्या गळ्याचा आवाज: "धम्मा, आज तुला पाहून डोळे निवले रे बाबा."

"सांगू का त्यांना?" प्रीतीने विचारलं.

"आई रडून राह्यली," धम्मपाल म्हणाला. "राहू दे."

सोमवारी दोघं घरी आले, तोवर बेबीनंदाबाईंनी तो फोटो मोठा करून, फ्रेम करून बैठकीच्या भिंतीवर लावलाही होता. गल्लीतली माणसं एकेक करून बघून जात होती. संध्याकाळी पुन्हा पाच-सहा जण आले. आपल्या हैदराबादच्या गोष्टी सांगाव्यात म्हणून धम्मपाल कोट घालून, हसत हसत, भिंतीला पाठ लावून त्यांच्यासमोर उभा राहिला.

"सरक रे बाजूला," आई म्हणाली. "तुझ्यामुळं त्यांना धम्मपाल दिसून न्हाई राह्यला."